मुकिल म्हणजेच गुग्गुळ

खराडीच्या आमच्या घरात अब्बांच्या उशाशी दोन डब्या असतात. एकीत डॉक्टरांच्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, दुसरीत गुग्गुळ. गेल्या वर्षी त्यांनी पहिली डबी परस्पर बंद केली. "हकीमांच्या जमान्यापासून चालत आलेली दवा आहे, तिने काय नुकसान होणार?" उर्दू शाळेत रोज मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे आम्ही येथे मात्र गप्प झालो. म्हणून या दवेची हकीकत शोधू लागलो.

गुग्गुळ हा कच्छ-राजस्थानच्या कोरड्या मुलखातील काटेरी झुडपाचा डिंक. युनानीत त्याला मुकिल म्हणतात. हब्बे मुकिल ही गोळी हकीम देतात ती मूळव्याधीवर! कोलेस्टेरॉलशी त्याचे नाते अलीकडचे आहे. बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतसंहितेतील मेदरोगाच्या वर्णनावरून गुग्गुळाचा अभ्यास केला. त्यांचा प्रबंध १९६६ चा. पुढे त्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या. जुन्या ग्रंथाचा अभिमान सगळेच बाळगतात, पण त्यातील ओळ प्रयोगशाळेत नेऊन तपासणारे थोडे, आणि आम्हाला मोठेपण वाटते ते यात.

मग लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने या डिंकातून गुगुलिपिड तयार केले. चाचण्या सात शहरांत झाल्या. त्यांत आपली मुंबई आणि नागपूरही होती. १९८९ साली निष्कर्ष छापून आले. २०५ रुग्णांनी बारा आठवडे औषध घेतले, बहुतेकांचे कोलेस्टेरॉल उतरले, सरासरी २३.६ टक्क्यांनी. अब्बांची बाजू येथपर्यंत भक्कम आहे.

परंतु या रुग्णांना आपण काय घेतो आहोत हे ठाऊक होते. २००३ साली अमेरिकेतील एका चाचणीचा निकाल आला. १०३ माणसे, आठ आठवडे; कोणाला गुग्गुळ आणि कोणाला नुसती दिखाऊ गोळी, हे ना रुग्णाला माहीत ना डॉक्टरला. गुग्गुळ घेणाऱ्यांचे एलडीएल, म्हणजे घातक कोलेस्टेरॉल, चार-पाच टक्के वाढले. काहींच्या अंगावर पुरळही उठले.

आणि अब्बा जिला 'विलायती' म्हणतात त्या गोळीचे मूळ? जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७३ च्या सुमारास या जातीचे पहिले औषध बुरशीतून वेगळे केले. म्हणजे तीही कुदरतीचीच देणगी.

हे सारे आम्ही अब्बांना वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बुरशीतून?" आता पहिली डबी पुन्हा उघडली आहे. दुसरी अजून उशाशीच आहे. सोमवारी रक्ततपासणी आहे.