कोसंबी पितापुत्रांच्या पायवाटा

यवतमाळ जिल्ह्याच्या ईशान्येस वर्धा नदीचें पात्र आहे. नदी ओलांडली कीं वर्धा जिल्हा लागतो, आणि त्या जिल्ह्यांत सेवाग्राम. तेथील आश्रमांत १९४७ सालच्या जून महिन्याच्या आरंभीं सत्तर वर्षांच्या एका पंडितानें अन्नत्याग करून शांतपणें देह ठेविला. शरीर आतां सेवेच्या उपयोगाचें राहिलें नाहीं, तें दुसऱ्यांवर लादून काय करावयाचें, असा त्यांचा विचार. त्यांच्या निधनानंतर गांधीजींनीं दिल्लीच्या प्रार्थनासभेंत त्यांचा गौरव केला. परंतु तो काळ असा गडबडीचा होता कीं, देशाच्या फाळणीच्या बातम्यांत ही वार्ता कोणाच्या फारशी लक्षांत राहिली नाहीं. गोव्यांतील सांखवाळ गांवीं ९ ऑक्टोबर १८७६ रोजीं जन्मलेला हा मनुष्य काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश, अमेरिका आणि रशिया इतकी पृथ्वी फिरून अखेर वऱ्हाडच्या शेजारीं येऊन थांबला होता. त्यांचें नांव धर्मानंद दामोदर कोसंबी.

आपल्या भ्रमणाची कथा धर्मानंदांनीं ‘निवेदन’ या नांवानें लिहिली व ती १९२४ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली. मराठींत हा ग्रंथ आत्मचरित्र म्हणून ओळखला जातो. परंतु पानें उलटूं लागलें कीं आपण कोणा प्रवाशाची जुनी वही वाचीत आहों असें वाटूं लागतें. या गांवाहून त्या गांवीं कसें गेलों, हातांत पैसे किती होते, कोणी आसरा दिला व कोणी दिला नाहीं, हाच त्यांतला मुख्य मजकूर. भाषा साधी, स्वतःच्या दुबळेपणावर पांघरूण घालण्याची खटपट नाहीं.

घरची नारळाची बागाईत, प्रकृति अशक्त, शाळेचें शिक्षण अर्धवट, लग्न झालेलें. असा हा तरुण ‘बाळबोधमेवा’ नांवाच्या मुलांच्या मासिकांत बुद्धाचें चरित्र वाचतो काय, आणि त्या एका लेखानें त्याच्या मनाची शांति हरपते काय! बुद्धाचा धर्म मुळापासून समजावून घ्यावा, त्यासाठीं आधीं संस्कृत शिकावें, असा त्यांनीं निश्चय केला. वडील वारल्यावर, १८९९ सालच्या अखेरीस, त्यांनीं घर सोडलें. प्रथम पुणें, तेथें डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट. मग ग्वाल्हेर, आणि तेथून काशी. काशींत अन्नछत्राच्या अन्नावर राहून गंगाधरशास्त्र्यांसारख्या विद्वानापाशीं त्यांनीं संस्कृताचें अध्ययन केलें. बुद्धाचा धर्म नेपाळांत जिवंत असेल अशा आशेनें ते १९०२ च्या सुमारास त्या अवघड मुलुखांत गेले, आणि तेथील बौद्ध धर्माची अवस्था पाहून खिन्न होऊन परतले. पुढें बुद्धगया, कलकत्ता आणि कोलंबो. तेथें विद्योदय विद्यालयांत सुमंगलाचार्यांजवळ त्यांनीं पाली भाषा शिकली व भिक्षुदीक्षा घेतली. सिंहलद्वीपचें जेवण त्यांस मानवेना, म्हणून ते मद्रासकडे आले. तेथून ब्रह्मदेशांत जाऊन ध्यानाचा अभ्यास केला. भिक्षूनें पैशास शिवावयाचें नाहीं, असा नियम. तो पाळून प्रवास करणें म्हणजे काय, हें ज्यानें तिकिटाच्या खिडकीशीं एकदां तरी खिसा चांचपला आहे त्यास सांगावयास नको. बुद्धाच्या जन्माचें, ज्ञानप्राप्तीचें आणि परिनिर्वाणाचें अशीं स्थळें त्यांनीं स्वतः जाऊन पाहिलीं.

येथें एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. गोव्यांतून धर्मानंद निघाले तेव्हां मागें त्यांची पत्नी बाळाबाई होत्या आणि तान्ही मुलगी माणिक होती. सुमारें सात वर्षांनीं कलकत्त्यास त्यांनीं चीवर उतरविलें व संसाराशीं पुन्हां संबंध जोडला. सिद्धार्थानें यशोधरेला व राहुलाला सोडलें, त्याचीच ही लहानशी आवृत्ति, असें म्हणून भाविक मनुष्य समाधान मानील. परंतु त्या सात वर्षांत सासरीं-माहेरीं बाळाबाईंनीं काय सोसलें असेल, तें कोणत्या ग्रंथांत वाचावयाचें? प्रवास करणाऱ्याची वही छापली जाते. मागें राहिलेल्यांची वही कोणी छापीत नाहीं. बहुधा ती लिहिलीच गेलेली नसते. ‘निवेदन’ वाचतांना धर्मानंदांच्या धैर्यानें मन भारून जातें हें खरें. पण तें भारावणें या विचारानें थोडें उणें होतें, आणि व्हावेंच.

संसारांत परतले तरी पाय घरांत ठरले नाहींत. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनीं महाराष्ट्रांत राहून काम करण्यासाठीं दरमहा पन्नास रुपयांचें साहाय्य देऊं केलें, तेव्हां कलकत्ता विद्यापीठांतील अधिक वेतनाची जागा त्यांनीं सोडून दिली. १९१० सालीं हार्वर्ड विद्यापीठाकडून बोलावणें आलें. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन पंडितानें बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीचें काम हातीं घेतलें होतें व तें अपुरें ठेवून तो वारला होता. तें काम पुरें करावयाचें होतें. ग्रंथावर श्रेय कोणाचें, यावरून तेथील प्राध्यापक लॅनमन यांच्याशीं मतभेद झाला आणि १९१२ सालीं धर्मानंद परत आले. मग सहा वर्षें फर्ग्युसन कॉलेजांत त्यांनीं पाली शिकविली. त्याच एका ग्रंथासाठीं पुढें ते आणखी तीन वेळां अमेरिकेस गेले. १९३० सालीं लोकनायक अणे पुसदच्या रानांत जंगल सत्याग्रह करीत होते, त्या वर्षीं धर्मानंद कोंकणच्या किनाऱ्यावर मिठाच्या सत्याग्रहांत होते. त्यांस कारावासही घडला.

१९१८ सालच्या अमेरिकेच्या प्रवासांत मात्र ते एकटे नव्हते. थोरली मुलगी माणिक व अकरा वर्षांचा मुलगा दामोदर यांस त्यांनीं बरोबर नेलें. दामोदराचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजीं गोव्यांत झालेला. आजोबांचेंच नांव त्यास ठेविलें होतें. ज्या मुलीला तान्हेपणीं मागें ठेवून पिता निघून गेला होता, तीच आतां पित्याबरोबर महासागर ओलांडून चालली होती व पुढें रॅडक्लिफ कॉलेजांत शिकली. ही केवळ भरपाई होती असें म्हणतां येणार नाहीं. पण वडिलांच्या मनांत कांहींच नव्हतें असेंही म्हणवत नाहीं. बाळाबाई आणि धाकट्या मुली या खेपेसही मागेंच राहिल्या.

पिता १९२२ सालीं परतला. मुलगा केंब्रिजच्या शाळेंत राहिला. मधला कांहीं काळ हिंदुस्थानांत घालवून दामोदर पुन्हां अमेरिकेस गेला आणि १९२९ सालीं हार्वर्डची पदवी त्यानें सर्वोच्च सन्मानानें मिळविली. बनारस, अलीगढ असें करीत १९३३ सालीं तो पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचा प्राध्यापक झाला. पित्यानें पाली शिकविली तेथेंच पुत्र गणित शिकवूं लागला. १९४६ पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत त्यांची नेमणूक झाली, तरी बिऱ्हाड पुण्यासच राहिलें. डेक्कन क्वीन या गाडीनें ते पुणें-मुंबई ये-जा करीत. त्या गाडीच्या वाटेवर कार्लें, भाजें, बेडसें हीं लेणीं आहेत. रोजच्या वाटेनें जाणाऱ्या किती उतारूंनीं त्या डोंगरांकडे मान वळवून पाहिलें असेल?

दामोदरांनीं पाहिलें. इतिहासाकडे ते वळले ते आधीं नाण्यांच्या द्वारें. तक्षशिलेस सांपडलेलीं जुनीं ठशांचीं नाणीं त्यांनीं नाजूक तराजूनें एकेक करून तोललीं. नाणें जसजसें हातोहात फिरतें तसतसें तें झिजतें; त्या झिजेवरून तें किती फिरलें याचें गणित मांडतां येतें. म्हणजे नाणें हाही एक प्रवासीच, आणि त्याचें वजन ही त्याची रोजनिशी. पुढें त्यांनीं तराजू ठेवून हातांत काठी घेतली. पुण्याच्या आसपासचे डोंगर ते पायीं तुडवूं लागले. टेकड्यांच्या अंगावर, नांगरलेल्या शेतांच्या बांधावर त्यांस गारगोटीच्या जातीच्या दगडाचीं, नखाएवढीं जुनीं हत्यारें मिळूं लागलीं. धनगर ज्या वाटांनीं मेंढ्या नेतात, ज्या तिठ्यांवर शेंदूर माखलेला म्हसोबा किंवा एखादी बिननांवाची माउली बसलेली असते, त्या जागा आणि हत्यारें सांपडण्याच्या जागा यांचा मेळ बसतो, असें त्यांनीं दाखविलें. कार्ल्याच्या लेण्याच्या दाराशीं एकवीरेचें देऊळ आहे. लेणें आधीं कीं देवी आधीं? लेणीं खोदणाऱ्यांनीं निर्जन रान निवडलें नाहीं; घांट चढून येणाऱ्या व्यापारी वाटा आणि त्यांवरचीं पुरातन देवस्थानें पाहूनच त्यांनीं जागा धरल्या, असा त्यांचा सिद्धांत. १९६२ सालीं निघालेल्या त्यांच्या इंग्रजी निबंधसंग्रहांतील एका लेखाचें नांवच ‘यात्रेकरूची वाटचाल’ अशा अर्थाचें आहे.

हा विचार यवतमाळकरांस समजण्यास अवघड जाऊं नये. पुसद, दिग्रस या बाजूस बंजाऱ्यांचे तांडे आजही आहेत. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून मुलुखामागून मुलुख पालथे घालीत. आगगाडी आली, तांडे एका जागीं बसले. पण त्या वाटा मातींत कोठें तरी असतीलच. त्या शोधणारा कोणी अद्याप निघावयाचा आहे.

पिता आणि पुत्र यांच्या चालण्यांत एक मोठा भेद होता, तो झांकून उपयोग नाहीं. पिता ज्या सत्याच्या शोधांत चालला, तें त्यास धर्मांत हवें होतें. पुत्राची श्रद्धा मार्क्सच्या विचारावर होती, आणि मुक्तीपेक्षां भाकरी कशी पिकते याकडे त्याचें लक्ष अधिक. पिता गांवांतून जाई तेव्हां तेथें गुरु आहे काय तें पाही. पुत्र तेथें दगड कोणता, जमीन कोणती, पाणी कोठें, तें पाही. तरी घरांत बसून ग्रंथांवर विसंबावयाचें नाहीं, आपल्या पायांनीं जाऊन पडताळून पाहावयाचें, हा हट्ट दोघांचा एकच. नेपाळांत बौद्ध धर्म आहे म्हणतात, तर जाऊन पाहतों, असें म्हणणारा पिता. आणि लेणीं एकांतासाठीं खोदलीं म्हणतात, तर वाट चढून पाहतों, असें म्हणणारा पुत्र. ही संवय मुलानें ‘निवेदन’ वाचून उचलली कीं अकराव्या वर्षीं बोटीच्या कठड्याशीं वडिलांजवळ उभें राहून, हें कोण सांगणार?

‘विसुद्धिमग्ग’ अखेर १९५० सालीं हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेचा ४१ वा ग्रंथ म्हणून छापून निघाला. त्यावर वॉरन यांच्याबरोबर धर्मानंदांचेंही नांव आहे. ज्याच्यासाठीं चार वेळां समुद्र ओलांडला, तो ग्रंथ पाहण्यास ते नव्हते. त्याच मालेचा ४२ वा ग्रंथ १९५७ सालीं निघाला. तो विद्याकराचा ‘सुभाषितरत्नकोश’. संपादक दामोदर कोसंबी आणि वासुदेव विश्वनाथ गोखले. दामोदरपंत २९ जून १९६६ रोजीं पुण्यास वारले.

त्यांची कन्या मीरा कोसंबी या समाजशास्त्रज्ञ. त्याही दूरदेशीं, स्टॉकहोम येथें शिकल्या. आजोबा गेले तेव्हां त्या सात-आठ वर्षांच्या होत्या. पंडिता रमाबाईंनीं अमेरिकेच्या प्रवासावर लिहिलेला मराठी ग्रंथ त्यांनीं इंग्रजींत आणला, आणि उतारवयांत आजोबांची जुनी वही उघडली. ‘निवेदना’चें त्यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर २०११ सालीं प्रसिद्ध झालें. त्यानंतर चार वर्षांनीं, २०१५ सालीं, त्यांचेंही पुण्यास निधन झालें.