मिरची, तांदुळजा आणि आपले ताट

आपल्या चळवळीचा इतिहास लिहिताना आपण पाणवठ्याचा विचार केला, देवळाच्या दाराचा केला, शाळेचा केला. चुलीचा विचार त्या मानाने फारच थोडा झाला. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आले तेव्हा ही उणीव अनेकांच्या ध्यानात आली. मला येथे दोनच जिनसांविषयी लिहायचे आहे. एक मसाल्यातली, मिरची. दुसरी पालेभाजी, तांदुळजा. दोन्ही आपल्या घरात पिढ्यान्पिढ्या शिजल्या. त्यांचा पोषणाचा हिशेब मांडू गेल्यास तो सामाजिक इतिहासाचा हिशेब होतो, असे माझे मत आहे.

मिरची मूळची आपली नव्हे. ती अमेरिका खंडातली. वास्को द गामा १४९८ साली कालिकतच्या किनाऱ्यावर आला तो मिऱ्यांच्या ओढीने. त्याच्या मागून सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी मिरची आणली आणि गोव्याकडून ती घाटावर चढली. तिने नावसुद्धा मिऱ्याचेच घेतले. मिरे हा श्रीमंताचा आणि व्यापाऱ्याचा जिन्नस होता. मिरची मात्र न्हाणीच्या सांडपाण्यावर, झोपडीच्या कुडाला लागून वाढली. ज्याच्याकडे तूप नाही, दूध नाही, डाळही रोज नाही, त्याची कोरडी भाकर घशाखाली उतरवण्याचे काम तिने केले.

तांदुळजाला तर कोणी पेरलेही नाही. तो पावसाबरोबर दुसऱ्याच्या रानात तण म्हणून उगवतो. माझी आई खुरपायला जाई आणि संध्याकाळी ओटीत तांदुळजा घेऊन येई. मालकाच्या लेखी ते उपटून फेकायचे तण होते, तरी ते नेण्यासाठी त्याला विचारावे लागे. फेकायच्या वस्तूलाही परवानगी लागावी, यात गावगाड्याची सारी रीत आली.

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. आपल्या अन्नपदार्थांच्या पृथक्करणाचे काम कुन्नूरच्या प्रयोगशाळेत झाले. ती संस्था १९५८ साली हैदराबादला गेली. अशा कोष्टकांप्रमाणे १०० ग्रॅम कोवळ्या तांदुळजात सुमारे ४ ग्रॅम प्रथिने, ४०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आणि १०० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असते. डोळ्यांना लागणारे अ जीवनसत्त्व ज्यापासून बनते ते कॅरोटीनही भरपूर असते. हिरव्या मिरचीत क जीवनसत्त्व थोडे अधिकच, सुमारे ११० मिलिग्रॅम. पण कॅल्शियम सुमारे ३० मिलिग्रॅम. वाळलेल्या मिरचीत प्रथिने १६ ग्रॅमपर्यंत दिसतात. म्हणजे ती तांदुळजाच्या चौपट सकस झाली काय? तसे नाही. मिरची वाळली की पाणी उडते आणि उरलेल्याचे प्रमाण वाढते. शिवाय वाळताना तिचे बरेचसे क जीवनसत्त्व नष्ट होते. आणि १०० ग्रॅम मिरची खातो कोण? पाच-दहा ग्रॅमच्या ठेच्यावर एक भाकर जाते. भाजी मात्र ताटभर खाल्ली जाते. कोष्टक दोघांना एकाच तागडीत तोलते. पोट तसे तोलत नाही.

तरीही मिरचीला निःसत्त्व म्हणणे अन्यायाचे होईल. हंगेरीच्या सेगेद गावी आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी या शास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या काळात क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात मिळवले ते तिथल्या मिरचीतूनच. त्याला १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. वनस्पतीतले लोह शरीराला सहज लागत नाही. सोबत क जीवनसत्त्व असले की ते अधिक शोषले जाते. ज्वारीची भाकर, तांदुळजाची भाजी आणि कच्च्या मिरचीचा ठेचा या जेवणामागे असे शहाणपण होते. आमच्या बायांनी ते पुस्तकात वाचले नव्हते.

पण या शहाणपणाचे गोडवे गाऊन थांबणे मला मान्य नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायाने तिखट अन्नाला राजस ठरवले आणि शिळ्या-उष्ट्याला तामस. ज्यांना गावाने शिळे आणि उष्टे वाढले, त्यांनाच मग तामस म्हणायला व्यवस्था मोकळी झाली. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे तुकडे टाकून देण्याचे आवाहन केले. लोकांनी ते ऐकले. या त्यागाचा पोषणाच्या अंगाने विचार आपण केलेला नाही. १०० ग्रॅम मांसात सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात. ती ताटातून गेली आणि त्या जागी डाळ, दूध वा अंडे आले नाही. आली ती ठेचा-भाकर आणि तांदुळजा. ४ ग्रॅमवाली भाजी २० ग्रॅमची भरपाई कशी करणार? माणूसपणासाठी आमच्या आई-आज्यांनी आपल्या अंगातले रक्त मोजून दिले, असे मी म्हणतो ते अलंकार म्हणून नव्हे.

दोष त्या निर्णयाचा नव्हता. दोष जमिनीच्या वाटपाचा होता. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली, गुलामी सुटली. पण पोटापुरते रान सगळ्यांच्या हाती आले नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसांना सुकडी आणि मिलोवर दिवस काढावे लागले, कारण त्या वर्षी दुसऱ्याच्या रानातले तणसुद्धा उगवले नव्हते.

आज शहरांतून रानभाज्यांचे महोत्सव भरतात आणि तांदुळजाची जुडी कौतुकाने विकली जाते. गावाकडे मात्र सोयाबीनच्या रानात तणनाशक फवारले जाते आणि खुरपणाऱ्या बाईची मजुरी आणि तिच्या ओटीतली भाजी एकाच फवाऱ्यात जाते. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. त्यांना पालेभाजी खा असा सल्ला दिला जातो. सल्ला चुकीचा नाही. पण भाजी उगवायला बांध लागतो, आणि तो बांध कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न सल्ला देणारा विचारीत नाही. तो आपण विचारला पाहिजे.