अग्नीवांचून दाह

वेदनेला साक्षीदार नसतो. ज्वर असला तर नाडी सांगते, हाड मोडलें तर डोळ्यांना दिसतें. पण 'मला दुखतें' असें ज्याचें त्यानें म्हणावें आणि इतरांनीं त्यावर विश्वास ठेवावा, याखेरीज दुसरा पुरावा पुष्कळ शतकें वैद्याच्या हातीं नव्हता. त्यांतून घाव लहान आणि विव्हळणें मोठें असें दिसलें, कीं मनुष्य भित्रा, नाजूक किंवा सोंगाडा ठरलाच! या आरोपाचा निकाल शरीरशास्त्रानें कसा लावला, ती हकीकत मनोरंजक आणि थोडी लाजिरवाणीहि आहे.

अमेरिकेंतील यादवी युद्ध चालू असतां फिलाडेल्फिया शहरांत टर्नर्स लेन येथें मज्जातंतूंना दुखापत झालेल्या शिपायांसाठीं एक रुग्णालय होतें. सायलस वेअर मिचेल व त्याचे सहकारी मोरहाउस आणि कीन यांनीं तेथें जें पाहिलें, तें १८६४ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. गोळी दंडांतून आरपार गेलेली, जखम भरून आलेली, आणि तरीहि तळहाताची अहोरात्र आग होत असे. वर्तमानपत्राचा कागद फडफडला, शेजारून कोणी चालत गेलें, लष्करी बँड वाजला, तरी शिपाई कळवळे. कोरडा स्पर्श सहन होत नसे म्हणून कितीएक जण पाण्याची बाटली आणि स्पंज जवळ बाळगून बसत. एकानें तर घर्षण जाणवूं नये म्हणून बुटांतच पाणी ओतून घेतलें होतें. तोफांपुढें न डगमगलेले हे लोक कागदाच्या सळसळीनें हैराण होत. मिचेलचें मोठेपण असें, कीं भित्रेपणामुळें वेदना होत नसून वेदनेमुळें माणूस भित्रा झाला आहे, हें त्यानें ओळखलें. या व्यथेला पुढें ग्रीक शब्दांवरून 'कॉसाल्जिया', म्हणजे दाहवेदना, असें नांव मिळालें.

मौज अशी, कीं त्याच वर्षीं याच तिघांनीं सोंग घेणाऱ्या शिपायांना कसें पकडावें यावरहि एक निबंध लिहिला आणि त्यांत ईथर हुंगवून परीक्षा घेण्याची युक्ति सांगितली! आम्हांला यांत मिचेलचा दोष काढावयाचा नाहीं. लष्करी डॉक्टरापुढें सोंगेंहि येत असत. मज्जातंतूच्या आंत काय घडतें हें ठाऊक नसतां त्यानें खऱ्याखोट्याची पारख करावी तरी कशी?

१८७८ सालीं मिचेलनें आणखी एका व्याधीचें वर्णन केलें. तींत पाय लालबुंद होतात, थोड्याशा उष्णतेनें जळूं लागतात, आणि रोगी ते गार पाण्यांत बुडवून बसतो. गोळी नाहीं, जखम नाहीं; कांहीं घराण्यांत मात्र हा दाह पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. एरिथ्रोमेलाल्जिया हें त्याचें नांव. हेंच कोडें आधीं सुटावयाचें होतें. पण त्यास सव्वाशें वर्षें लागलीं.

मधली वाट समुद्रांतून गेली. आमच्या कोंकणांत ज्याला माकुल म्हणतात, त्या वर्गांतील कांहीं प्राण्यांच्या अंगांत जवळजवळ एक मिलिमीटर जाडीचा मज्जातंतु असतो. इंग्लंडांत हॉजकिन आणि हक्सले यांनीं त्यांत तारा घालून प्रयोग केले व १९५२ सालीं दाखविलें, कीं मज्जातंतूंतला संदेश म्हणजे सोडियम व पोटॅशियम यांच्या विद्युद्भारित कणांची, म्हणजे आयनांची, तंतूच्या आवरणांतून होणारी ये-जा होय. हे आयनमार्ग एकेकटे पकडले ते नेहेर आणि साकमान यांनीं. १९७६ सालीं काचेच्या अतिसूक्ष्म नळीच्या टोकाशीं त्यांनीं एकाच मार्गांतून वाहणारा प्रवाह मोजला. हे मार्ग प्रथिनांचे असून त्यांना जणूं दारें असतात. दार किती धक्क्यानें उघडावें आणि किती वेळ उघडें राहावें, याचें माप ठरलेलें असतें.

दार सैल झालें म्हणजे काय होतें, याचा अनुभव वाचकांस आहे. उन्हानें पोळलेल्या पाठीवर रोजचेंच कोमट पाणी पडलें तरी चटका बसतो. डेव्हिड ज्युलियस याच्या प्रयोगशाळेनें मिरचीच्या तिखटाचा माग काढीत १९९७ सालीं जो आयनमार्ग शोधला, तो सुमारें ४३ अंश सेल्सियसच्या पुढें उघडतो. परंतु सूज व आम्लता असली कीं त्याहून कमी उष्णतेंतहि उघडूं लागतो. चटका खरा असतो. पाणी मात्र कोमटच असतें.

मग २००४ सालीं चिनी संशोधकांना एरिथ्रोमेलाल्जियाच्या रोग्यांत एका जनुकांत बदल आढळला. वेदनेच्या तंतूंत सोडियमचा 'एनएव्ही १.७' नांवाचा एक मार्ग असतो, त्याचें हें जनुक. त्याच वर्षीं येल विद्यापीठांतील वॅक्समन व त्याचे सहकारी यांनीं दाखविलें, कीं बदललेलें दार हलक्या धक्क्यानें उघडतें आणि मिटावयाला वेळ लावतें. सुमारें दोन हजार दुव्यांच्या प्रथिनसांखळींत एका दुव्याचा फरक, आणि तेवढ्यानें माणसाचे पाय जन्मभर विस्तवावर!

याची उलट बाजू अधिकच हृदयद्रावक आहे. उत्तर पाकिस्तानांत एक दहा वर्षांचा मुलगा रस्त्यावर खेळ करून दाखवी. दंडांतून सुरी आरपार घाली, निखाऱ्यांवर चाले. त्याला दुखतच नसे. शास्त्रज्ञांनीं त्याला गांठण्यापूर्वींच, चौदा वर्षांचा होतां होतां, छपरावरून उडी मारून तो मरण पावला. केंब्रिजच्या जेफ्री वुड्स व त्याच्या सहकाऱ्यांना तशाच इतर मुलांत हेंच १.७ चें जनुक निकामी झालेलें आढळलें. तें २००६ सालीं प्रसिद्ध झालें. त्या मुलांचे ओठ आणि जिभा त्यांच्याच दांतांनीं जखमी झालेल्या होत्या.

मिचेलच्या शिपायांचें कोडें याहून गुंतागुंतीचें. तुटलेल्या तंतूच्या टोकाशीं सोडियममार्ग दाटीनें जमतात आणि तें टोक आपण होऊन संदेश पाठवूं लागतें, हें आतां ठाऊक आहे. पण पृष्ठरज्जु आणि मेंदू हेहि त्या संदेशांना वाढवितात, म्हणून सगळा भार एकट्या दारावर टाकणें आम्हांला उतावीळपणाचें वाटतें. १.७ चें दार अडविणारीं औषधें रुग्णांवर फारशीं चाललीं नाहींत. त्याच्या भावंडाला, १.८ ला, अडविणारें सुझेट्रिजिन हें औषध अमेरिकेंत जानेवारी २०२५ मध्यें संमत झालें. तें अफूच्या वर्गांतलें नव्हे, ही मोठीच जमेची बाजू. मात्र ती संमति थोड्या दिवसांच्या वेदनेपुरती होती. वर्षानुवर्षें पाण्याची बाटली जवळ घेऊन बसणाऱ्यांसाठीं नव्हती.