पोरांना काय कळतंय नाटकातलं?

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून नातवंडं चंदगडला आली होती. नात सहा वर्षांची, नातू नऊ वर्षांचा. त्याच आठवड्यात बेळगावात ‘संगीत सौभद्र’चा प्रयोग असल्याचं कळलं. आम्हा चंदगडकरांना कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढं. बेळगाव मात्र शिनोळीची हद्द ओलांडली की आलंच. चार तिकिटं सांगतो म्हटलं, तर मुलगा म्हणाला, “अण्णा, तीन तास गाणी! पोरांना काय कळतंय त्यातलं?”

मी गप्प झालो, कारण ते वाक्य माझंच होतं. तो आठ-नऊ वर्षांचा असताना नाटकाला येतो म्हणून मागं लागला होता. तेव्हा ‘तुला काय कळतंय’ म्हणून मीच त्याला घरी ठेवलं. त्यानं पुन्हा हट्ट धरला नाही. आणि मोठा झाल्यावर संगीत नाटकाची पायरीही चढला नाही. म्हणून मनात आलं, ही नाटकं खरोखरच फक्त मोठ्यांसाठी होती का?

थोडं मागं जाऊन पाहू. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ १८४२ मध्ये सांगलीत झाले. ते पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आलं. त्या खेळात सूत्रधार गायचा, विदूषक हसवायचा आणि राक्षस आरोळ्या ठोकत प्रवेश करायचे. पुढच्या शिकलेल्या मंडळींनी या नाटकांना ‘अललडुर्र’ म्हणून नावं ठेवली. पण राक्षसाला भ्यायला आणि विदूषकाला हसायला वयाची अट लागत नाही.

आमच्या भागात तर याचा दाखला घाटाखालीच आहे. लहानपणी वडिलांबरोबर मी कोकणातल्या जत्रेत दशावतार पाहिला. काळ्या झग्यातला, लाल जीभ बाहेर काढलेला संकासुर पाहून मी वडिलांच्या धोतरात तोंड लपवलं होतं. पण तोच संकासुर मालवणीत बोलू लागला आणि मंडपभर हशा उसळला. पेटी आणि मृदंगाच्या साथीचं ते गाणं मला कळलं नव्हतं. पण त्याचा ठेका दुसऱ्या दिवशी गोठ्यात डब्यावर वाजवल्याचं पक्कं आठवतं.

हाच धागा अण्णासाहेब किर्लोस्करांनी उचलला. ते आपल्या शेजारचेच, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८० मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ झालं. १८ नोव्हेंबर १८८२ रोजी ‘सौभद्र’चे पहिले तीन अंक रंगभूमीवर आले आणि पुढच्या वर्षी पाचही अंकांचं नाटक पुरं झालं. त्यात शंभराहून अधिक पदं होती. आकडा ऐकून धडकी भरते खरी. पण गोष्ट पाहा. बलरामाला सुभद्रा दुर्योधनाला द्यायची आहे, तर कृष्णाच्या मनात अर्जुन. मग अर्जुन संन्याशाचा वेष घेतो. बलराम त्याच्याच पाया पडतो, त्याला मानानं घरी आणतो आणि सेवेला सुभद्रेलाच नेमतो! रंगमंचावर बलरामाला जे ठाऊक नाही ते प्रेक्षागृहातल्या सहा वर्षांच्या पोरीला ठाऊक आहे. लहान मुलाला यापेक्षा मोठी गंमत कुठली? शिवाय घटोत्कच आहेच.

तीच गत १९११च्या ‘मानापमाना’ची. खाडिलकरांचा लक्ष्मीधर अंगभर दागिने घालतो आणि संकट दिसताच त्याची पाचावर धारण बसते. असा भित्रा फुशारकीखोर प्रत्येक शाळेत एक तरी असतोच.

सगळीच विनोदी नाटकं मात्र लहानांची नव्हेत. देवलांचं ‘संशयकल्लोळ’ घ्या. त्याचा वंश थेट मोलियेरच्या १६६०च्या प्रहसनापर्यंत जातो. मधला दुवा आर्थर मर्फीचं १७६१चं इंग्रजी नाटक. देवलांनी ते १८९३ मध्ये गद्यात आणलं. पुढं त्याला पदांची जोड मिळाली आणि १९१६ मध्ये, देवलांच्या निधनानंतर काही महिन्यांनी, गंधर्व नाटक मंडळीनं ते संगीत रूपात उभं केलं. तसबिरीवरून उडालेला घोंधळ मुलांना कळतो. नवरा-बायकोचा संशय मात्र बारा-तेरा वर्षांनंतरच कळावा. म्हणून सुरुवात ‘सौभद्र’पासून करावी, असं माझं मत.

मुलं समोर बसत होती, तशी रंगमंचावरही होती. कोल्हापूरचे केशवराव भोसले लहानपणीच नाटक कंपनीत गेले आणि ‘शारदे’च्या भूमिकेनं गाजले. १९०८ मध्ये ‘ललितकलादर्श’ काढली तेव्हा त्यांचं वय अठराही नव्हतं. याचं नुसतं कौतुक करून भागणार नाही. अशा पोरांचं बालपण कंपनीच्या बिऱ्हाडाबरोबर गावोगाव फिरण्यात गेलं. पण पोराला गाण्यातलं कळत नाही, असं त्या काळी कुणी म्हणत नव्हतं. तिकडं लंडनमध्ये १८७९च्या डिसेंबरात ‘पिनाफोर’ ही विनोदी संगीतिका मुलांच्याच संचात लागली होती. म्हणजे आपल्या ‘शाकुंतला’च्या आदल्याच वर्षी.

मग बिनसलं कुठं? १९३१ मध्ये बोलपट आला. १९३२ मध्ये कोल्हापुरातच ‘प्रभात’नं ‘अयोध्येचा राजा’ काढला. नाटक कंपन्या एकेक करून बसल्या. उरलेलं संगीत नाटक हळूहळू जाणकारांचं झालं. गोष्ट मागं पडली, ताना पुढं आल्या, आणि ‘वन्समोअर’मध्ये रात्र सरू लागली. १९५९ मध्ये सुधा करमरकरांनी ‘मधुमंजिरी’ आणलं, पाठोपाठ रत्नाकर मतकरी आले आणि बालरंगभूमी उभी राहिली. ते काम मोठंच. पण त्याबरोबर आपण मनात एक भिंत घातली: मुलांचं नाटक मुलांना, बाकीचं मोठ्यांना. एका सतरंजीवर आजोबा आणि नातू बसायचे, ते दिवस गेले.

आमचा तालुका या परंपरेला परका नाही. कोवाडचे रणजित देसाई कादंबरीकार म्हणून सर्वांना माहीत. त्यांनी ‘हे बंध रेशमाचे’ हे संगीत नाटकही लिहिलं. आणि मला पहिलं संगीत नाटक दाखवलं ते फारसं न शिकलेल्या माझ्या वडिलांनी. एस.टी.नं दिवसभर धक्के खात आम्ही कोल्हापूर गाठलं होतं. खासबाग मैदानाशेजारचं ते थिएटर शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलं आणि १९५७ पासून ते केशवराव भोसल्यांच्या नावानं ओळखलं जातं. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री ते आगीत सापडलं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. बातमी पाहताना मला ते नाटक आठवलं नाही. आठवला तो वडिलांचा हात. मला डुलकी लागली की ते हळूच मांडी पुढं करायचे.

तर शेवटी बेळगावला आम्ही गेलो. गाडी मुलानंच चालवली. वाटेत मी फक्त गोष्ट सांगितली, रागांची नावं नाहीत. बलराम संन्याशाच्या पाया पडला तशी नात मोठ्यानं ओरडली, “आजोबा, त्याला सांगा ना, तो अर्जुन आहे!” पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी वळून पाहिलं आणि तेही हसू लागले. नातू तबलजीकडं टक लावून बसला होता. उत्तरार्धात नात माझ्या मांडीवर झोपली. मी उठवलं नाही. झोपेतही गाणं कानावर पडतंच.

परतताना शिनोळीच्या पुढं दोन्ही पोरं मागं गाढ झोपलेली. बराच वेळ मुलगा काही बोलला नाही. मग समोर रस्त्याकडं पाहतच म्हणाला, “अण्णा, मला का नेलं नाहीत तेव्हा?”

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. म्हणून हे सगळं तुम्हाला सांगतोय. तुमच्या घरात सहा-सात वर्षांचं पोर असेल आणि जवळपास कुठं ‘सौभद्र’ लागलं असेल, तर त्याला काय कळेल याचा हिशेब करत बसू नका. सोबत एक शाल घ्या, झोप लागली तर पांघरायला, आणि घेऊन जा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)