बर्मिंगहॅमचं चर्च आणि आमचा 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर'

प्रोजेक्टच्या निमित्ताने काही महिने अटलांटात होतो. एका शनिवारी मित्राची गाडी घेतली आणि अडीच तासांवरच्या बर्मिंगहॅमला गेलो. अलाबामा राज्यातलं हे शहर कोळसा आणि पोलादावर वाढलेलं. पण मला बघायचं होतं सोळाव्या रस्त्यावरचं बॅप्टिस्ट चर्च.

शहर वसलं १८७१ साली आणि कृष्णवर्णीयांची ही मंडळी स्थापन झाली १८७३ साली. आजची इमारत १९११ची. वास्तुविशारद वॉलेस रेफील्ड आणि बांधणारे विंडहॅम बंधू, सगळे कृष्णवर्णीयच. हॉटेलं, थिएटरं, बागा, सगळीकडे वर्णभेदाचे कायदे होते. मग चार-पाचशे लोकांनी जमायचं कुठे? तर स्वतःच्या मालकीच्या चर्चमध्ये! रविवारी उपासना व्हायची, एरवी सभा आणि व्याख्यानं. ड्यू बॉइस आणि पॉल रोबसनसारखी माणसं इथे येऊन गेली. वस्तीचं सभागृह म्हणा ना.

२ मे १९६३ला शेकडो शाळकरी पोरं याच दारातून मोर्चाने बाहेर पडली आणि तुरुंगात गेली. दुसऱ्या दिवशी समोरच्या केली इंग्रॅम पार्कपाशी पोलिसांनी मोर्चेकऱ्यांवर कुत्रे सोडले आणि पाण्याचे बंब लावले. ते फोटो जगभर गेले.

आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतो ना, ते इथे विरोधकांनी बरोबर हेरलं. १५ सप्टेंबर १९६३, रविवार, सकाळचे १०:२२. क्लू क्लक्स क्लॅनच्या लोकांनी ठेवलेला बॉम्ब फुटला. तळघरात उपासनेची तयारी करणाऱ्या चार मुली गेल्या. ॲडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली आणि कॅरोल रॉबर्टसन १४ वर्षांच्या, डेनिस मॅकनेर तर फक्त ११ची.

हिशेब मात्र चुकला. १८ सप्टेंबरला तिघींच्या अंत्यविधीसाठी माणसं सिक्स्थ ॲव्हेन्यूच्या चर्चमध्ये जमली. म्हणजे बॅकअप होता! जून १९६४मध्ये मूळ चर्चही पुन्हा उघडलं. पुढच्या वर्षी तिथे वेल्सच्या लोकांनी वर्गणी काढून दिलेली रंगीत काचेची खिडकी बसली, तिच्यावर कृष्णवर्णीय ख्रिस्त. एखाद्या श्रीमंताने सगळे पैसे भरून टाकू नयेत म्हणून वर्गणी अर्ध्या क्राउनपेक्षा जास्त घ्यायची नाही, असं ठरलं होतं.

न्यायालयाला मात्र घाई नव्हती. पहिला आरोपी दोषी ठरला १९७७ला, शेवटचा २००२ला. म्हणजे तब्बल ३९ वर्षांनी.

मी खिडकीखाली बराच वेळ उभा होतो. आमच्या सोसायटीचा हॉल दोन हजार रुपयांत मिळतो, पावती फाडली की झालं. जमायला जागा असणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात शिरलं. असो.

तिथे अजूनही दर रविवारी उपासना होते.