अंक काढणारी माणसं

जळगावात काव्यरत्नावली चौक आहे. शहरात नवखा माणूससुद्धा रिक्षावाल्याला नुसतं 'काव्यरत्नावली' म्हणतो आणि रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो. पण हे नाव कशाचं, असं विचारलं तर कुणी म्हणतं जुन्या नाटकाचं असेल, कुणी म्हणतं एखाद्या बाईचं. ते एका मासिकाचं नाव आहे. त्या मासिकात बातमी नव्हती, गोष्ट नव्हती, बाजारभाव नव्हता. होती ती फक्त कविता. नारायण नरसिंह फडणीस या गृहस्थांनी ते १८८७ साली जळगावातून सुरू केलं आणि १९३५ पर्यंत चालवलं. अठ्ठेचाळीस वर्षं! आमच्याकडं केळीचा बाग लावला, पिलबाग धरला, तरी तीन-चार वर्षांत उपटून रान मोकळं करतात. एवढी वर्षं एकच पीक घेणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

पुण्या-मुंबईत हे झालं असतं तर नवल नव्हतं. जळगाव म्हणजे कापसाची पेठ. तिकडं अमेरिकेत लढाई जुंपली, इकडं आमच्या कापसाला भाव आला, रेल्वे आली, आणि गाव वाढलं. आमच्या माणसाला प्रेस म्हटलं की अजून गाठी दाबायची प्रेसच आठवते. पूर्व खानदेश जिल्हा वेगळा होऊन जळगाव त्याचं ठाणं झालं ते १९०६ साली. म्हणजे कवितेचं मासिक आधी आलं, जिल्हा एकोणीस वर्षांनी मागून आला.

मधल्या काळात काय काय होऊन गेलं बघा. प्लेग आला. छप्पनचा दुष्काळ आला, ज्याच्या गोष्टी माझी आजी तिच्या आजीकडून ऐकलेल्या सांगायची. माणसं पाला शिजवून खायची म्हणे. पहिलं महायुद्ध झालं, इन्फ्लुएंझा झाला. आणि अशा दिवसांत एक माणूस कविता गोळा करतोय, छापतोय, पोस्टात टाकतोय. वेडाच म्हणायचा. पण केशवसुतांच्या नव्या धाटणीच्या कवितेला जागा देणाऱ्या मोजक्या मासिकांत या वेड्याचं मासिक होतं, हे विसरता येत नाही.

अंक काढणं म्हणजे काय, ते वाचणाऱ्याला कळत नाही. त्या वेळी शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ जुळवायची. मराठीच्या केसात शेकडो घरं. काना वेगळा, वेलांटी वेगळी, जोडाक्षरं वेगळी. गद्यात एखादी वेलांटी चुकली तर वाचणारा सुधारून घेतो. वृत्तातल्या कवितेत ऱ्हस्वाचं दीर्घ झालं की ओळ लंगडते आणि कवी रागावतो. मग मुद्रितं तपासायची, कागदाची उधारी फेडायची, पत्ते लिहायचे, वर्गणी थकली की कार्ड टाकायचं. कार्डाला उत्तर येत नाही. कविता मात्र न मागता येतात. एवढं सगळं केल्यावर नाव होतं ते कवीचं. त्यात गैर काही नाही, पण चौकाला मासिकाचं नाव मिळालं आणि माणसाचं नाव कुणाच्या तोंडी राहिलं नाही, हे मला खटकतं.

फडणिसांनी आणखी एक मोठं काम केलं. १९०७ साली त्यांनी जळगावात कवींचं संमेलन भरवलं. डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर अध्यक्ष होते. त्यात धरणगावचा एक सतरा वर्षांचा पोरगा उभा राहिला आणि त्यानं कविता म्हटली. त्र्यंबक बापूजी ठोमरे. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं आणि तेच नाव कायमचं झालं. पुढं रेव्हरंड टिळकांनी त्याला आपल्या घरी नगरला ठेवून घेतलं. हे सगळं शाळेच्या पुस्तकात एका ओळीत असतं. पण ती सभा कुणीतरी भरवली होती. पत्रं कुणी पाठवली, पाहुण्यांच्या राहण्या-जेवणाचं कुणी पाहिलं, हे त्या ओळीत नसतं. बालकवी १९१८ साली भादलीच्या स्टेशनात मालगाडीखाली गेले. भादली आमच्याच पट्ट्यातलं. केळीच्या वॅगन भरायला लोक जायचे त्याच लोहमार्गावरचं.

आता जी गोष्ट मला बरीच वर्षं छळते ती सांगतो.

हे मासिक जळगावात निघत होतं तेव्हा त्याच जळगावात बहिणाबाई चौधरी राहत होत्या. असोद्याला १८८० साली जन्म, तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरी वाड्यात आल्या. म्हणजे त्या सासरी आल्या तेव्हा मासिकाला सहा वर्षं झाली होती. मासिक बंद पडलं तेव्हा त्या पंचावन्न वर्षांच्या होत्या. मधली सगळी वर्षं वावरात, जात्यावर, चुलीपुढं त्यांची गाणी चालूच होती. ज्या १९०७ सालात कविसंमेलन भरलं त्याच सालात त्यांचा मुलगा सोपानदेव जन्मला, जो पुढं स्वतः कवी झाला. एका गावात कवितेचं मासिक आणि एका गावात एवढी मोठी कवयित्री, आणि दोघांची गाठ नाही. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. सोपानदेवांनी आणि मावसभावानं गाणी लिहून ठेवली, १९५१ साली त्या गेल्या, मग सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक आलं. ती वही उंदरांनी खाल्ली असती तर? आपल्याला कळलंसुद्धा नसतं की काय गेलं.

यात फडणिसांना मी दोष देत नाही. पोस्टानं जे येतं ते संपादक छापतो, आणि जात्यावरचं गाणं पोस्टात पडत नाही. त्या काळी कविता म्हणजे वृत्त, कविता म्हणजे शिकलेला माणूस. संपादकाच्या टेबलापाशी कोण बसलंय आणि त्याचा कान कुठवर पोचतो, यावर काय छापलं जाणार हे ठरतं. म्हणून मग दुसरी माणसं आपापलं टेबल मांडून बसली.

नेवासे तालुक्यातल्या तरवडीच्या मुकुंदराव पाटलांनी १९१० साली 'दीनमित्र' सुरू केलं. ते कवितेचं मासिक नव्हतं, सत्यशोधक विचाराचं पत्र होतं. पण मुकुंदराव स्वतः कादंबरी लिहिणारे, ओव्या रचून टोले हाणणारे. खेड्यात बसून खेड्यातल्या माणसासाठी त्यांनी ते १९६७ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मरणापर्यंत चालवलं. आणि साठच्या दशकाच्या शेवटाला औरंगाबादेत गंगाधर पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' हाती घेतलं. गावकुसाबाहेरच्या ज्या पोरांचं लिखाण कुणी विचारत नव्हतं, त्यांना तिथं पान मिळालं. वर्षाला लेखक-वाचकांचे मेळावे भरवले. २०१८ साली पानतावणे गेले तोवर ते काम सुटलं नव्हतं. आपल्याकडं मोठ्या मासिकांचा इतिहास चवीनं सांगतात, सत्यकथेचा अंक पोरांनी जाळला ते तर सगळेच सांगतात. जाळणाऱ्यांनीही नंतर स्टेन्सिल कापून, सायक्लोस्टाइल करून आपले अंक काढलेच की. ते कष्ट मात्र कुणी रंगवून सांगत नाही.

हे सगळं मला ठाऊक झालं ते आमच्या तालुक्याच्या गावच्या एका गुरुजींमुळं. नाव लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांना ते आवडणार नाही. मी दहावी होऊन शेतीत पडलो, त्याच्या दोन-तीन वर्षांनी त्यांनी एक त्रैमासिक काढलं. बारा रुपये वर्गणी, चारशे प्रती. छापायचे ते लग्नपत्रिकांच्या छापखान्यात. त्यामुळं लग्नसराईत गुरुजींचा अंक अडायचा आणि चैत्राचा अंक आषाढात निघायचा. मी बाजाराच्या दिवशी त्यांच्याकडं जाऊन पत्त्याच्या पट्ट्या चिकटवायचो. खळ त्यांच्या घरची, मैद्याची. गुरुजींनी शिक्षकांच्या पतपेढीतून दोनदा कर्ज काढलं. अर्जावर कारण लिहिलं, घरदुरुस्ती. घर गळायचं ते गळतच राहिलं. पावसाळ्यात अंकांचे गठ्ठे पलंगावर आणि माणसं खाली, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. बाईंनी त्यावरून कधी आदळआपट केली नाही, पण गुरुजींशी आठ-आठ दिवस बोलायच्या नाहीत.

१९८२ साली सत्यकथा बंद पडली. गुरुजी म्हणाले, "घरचा छापखाना असलेल्यांचं बंद पडतं, आणि आपलं चालू आहे. कसं काय, ते मलाच कळत नाही." आणि पुढच्या अंकाची मुद्रितं माझ्यापुढं सरकवली.

त्यांच्या अंकात मागचं एक पान बायांच्या ओव्यांचं असायचं. बहिणाबाईंच्या वहीची गोष्ट त्यांनीच मला सांगितली होती. म्हणायचे, "आपल्याला पोस्टाची वाट बघून चालायचं नाही. वही घेऊन घरोघर जा." मी पहिली वही घेऊन बसलो ती माझ्या आईपुढं. आई आधी लाजली. "माह्या वव्या कशाला, त्या काय पुस्तकातल्या आहेत?" मग दळता दळता सांगत गेली. अकरा ओव्या झाल्या. गुरुजींनी एक अक्षर बदललं नाही. 'वव्या'चं 'ओव्या' करू का, असं मी विचारलं तर 'नको' म्हणाले. खाली आईचं नाव आणि गावाचं नाव छापलं. सातबारा सोडला तर आईचं नाव छापलेलं मी तिथंच पाहिलं. सातबाऱ्यावरही ते वडील गेल्यावर लागलं.

तो अंक आईनं एवढ्या जणींना दाखवला की हाताळून पानं सुटली आणि शेवटी कुठं गेली कळलं नाही.

गुरुजी जाऊन आता सहा वर्षं झाली. त्यांच्या मुलानं घर विकलं तेव्हा मला फोन केला, काका, गठ्ठे आहेत, नेता का, नाहीतर रद्दीवाला येतोय. मी ट्रॅक्टर घेऊन गेलो. बरेचसे वाळवीनं खाल्लेले. निवडून, उन्हात वाळवून सव्वीस अंक निघाले. गुरुजींनी एकूण अठ्ठावीस काढले होते. जे दोन नाहीत त्यांतला एक नववा. आईच्या ओव्यांचा. आईही आता नाही. तिच्या चार ओव्या मला येतात, सात येत नाहीत. बहिणीला विचारलं, तिला त्याच चार येतात.

नवव्या अंकाचं मुखपृष्ठ पिवळं होतं, त्यावर काळ्या शाईत जात्याचा खुंटा आणि एक हात. रावेर, यावल, चोपडा या भागात त्या वेळी बरेच वर्गणीदार शाळामास्तर होते. कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत सापडला तर कळवा. मी स्वतः येईन, मागचं तेवढं पान उतरवून घेईन आणि अंक तुमचा तुम्हाला देऊन जाईन.