शरीर कमावणे : पावनखिंडीपासून भरतीच्या मैदानापर्यंत

पन्हाळा तालुक्यातले कोडोली हे वारणाकाठचे मोठे गाव. शेजारी वारणानगरचा साखर कारखाना, आजूबाजूला ऊस, आणि नैर्ऋत्येला डोंगरावर पन्हाळगड. या पट्ट्यातील पुष्कळ मुलामुलींपुढे बारावीनंतर दोन वाटा ठळकपणे असतात : सैन्यभरती आणि पोलीसभरती. दोन्हींच्या दारात पुस्तकी परीक्षेइतकीच शरीराची परीक्षा उभी असते. 'सर, दोन महिन्यांत आठ किलो कमी करायचे आहेत, काय करू?' हा प्रश्न इथल्या शिक्षकांना नवा नाही. या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपण थोडे मागे जाऊ. कष्टाच्या कामासाठी शरीर 'लायक' आहे की नाही हे कोणी, कसे आणि कशाच्या आधारे ठरवले, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

कामातून घडलेले शरीर

१२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून पन्हाळ्यावरून निसटले. बरोबर सुमारे सहाशे मावळे होते. भर पावसात, चिखलातून, पालखी खांद्यावर घेऊन त्यांनी विशाळगडाची वाट धरली. अंतर साधारण साठ किलोमीटरचे. दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदलांचे मावळे लढले. आज हाच मार्ग चालायला हौशी पदभ्रमणकर्ते सहसा दोन दिवस घेतात.

या मावळ्यांची कोणी छाती मोजली नव्हती, वजनही केले नव्हते. डोंगरउतारावरची शेती, गुरांमागची पायपीट आणि गडाची चढउतार हीच त्यांची तालीम. शरीरशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर हृदय, फुप्फुसे आणि पायांचे स्नायू रोजच्या मागणीप्रमाणे घडत गेले होते. शरीरावर ज्या प्रकारचा भार पडतो, त्याच प्रकारची क्षमता ते वाढवते. हे तत्त्व आपण लक्षात ठेवू, कारण पुढे ते पुन्हा लागणार आहे.

तालमीतून घडवलेले शरीर

कामाव्यतिरिक्त, मुद्दाम वेळ देऊन शरीर कमावण्याची आपली थोर परंपरा म्हणजे तालीम. कोल्हापुरात तिला खरा बहर आला तो राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२). त्यांनी मल्लांना राजाश्रय दिला, खुराकाची सोय केली, उत्तरेकडचे नामांकित पैलवान बोलावले. १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचे प्राचीन प्रेक्षागार त्यांनी पाहिले होते. त्या धर्तीवर बांधलेले खासबाग मैदान १९१२ मध्ये तयार झाले. मोतीबाग, गंगावेश अशा तालमींची नावे महाराष्ट्रभर झाली.

तालमीची पद्धत शास्त्रशुद्ध होती. पहाटे जोर-बैठका, मग हौद्यात लढत, मग विश्रांती आणि दूध, तूप, बदामाची थंडाई. वस्ताद पोराला एकदम हजार बैठका सांगत नसे. पंचवीस, पन्नास, शंभर असा चढता क्रम असे. मात्र तालमीचे उद्दिष्ट ताकद आणि वजनदार, चिवट शरीर हे होते. लांब धावणे हे नव्हते. म्हणूनच मेहनत थांबली आणि खुराक तसाच राहिला, की पैलवानाचे पोट सुटते. खाल्लेली ऊर्जा खर्च झाली नाही तर ती चरबीच्या रूपाने साठते, हा नियम पैलवानालाही चुकत नाही.

मोजपट्टी येते

इंग्रजी अमदानीत शरीर मोजपट्टीखाली आले. उंची, छाती, वजन यांची कोष्टके झाली. मोजण्यात वावगे काही नाही, पण त्या मोजमापाला एक घातक सिद्धान्त चिकटला होता. १८५७ नंतर, विशेषतः १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या प्रभावाखाली, हिंदुस्थानातील काही जमाती जन्मतःच 'लढवय्या' आणि बाकीच्या जन्मतःच दुबळ्या अशी वर्गवारी रूढ झाली. वायव्येकडील लोकांना झुकते माप मिळाले, मद्रास-मुंबईकडच्यांना कमी लेखले गेले.

पहिल्या महायुद्धाने या वर्गवारीला धक्के दिले. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात मेसोपोटेमियातील कूत येथे जनरल टाउनशेंड यांची फौज तुर्कांच्या वेढ्यात अडकली. तीत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. तिथे एक विलक्षण गोष्ट दिसली. पांढऱ्या मैद्याचा पाव खाणाऱ्या ब्रिटिश शिपायांना बेरीबेरी झाला. कोंड्यासह आटा खाणारे हिंदी शिपाई त्यातून वाचले, पण ताजा भाजीपाला नसल्याने आणि घोड्याचे मांस निषिद्ध मानल्याने त्यांना स्कर्व्हीने गाठले. दोन्ही फौजा एकाच वेढ्यात होत्या. एकीला 'ब' गटातील जीवनसत्त्व कमी पडले, दुसरीला 'क'. शिपायाचा कस शिध्यावर अवलंबून असतो, हे तिथे उघड झाले.

कुन्नूरचे उंदीर

याचा प्रयोगशाळेतला पुरावा निलगिरीतल्या कुन्नूर येथे मिळाला. रॉबर्ट मॅक्कॅरिसन हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर तिथे १९१८ पासून आहारावर संशोधन करीत होते. (हीच प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली.) त्यांनी सारख्या वयाच्या, सारख्या वजनाच्या पांढऱ्या उंदरांचे सात गट केले. जागा, हवा, स्वच्छता सर्वांना एकच. फरक फक्त अन्नात. प्रत्येक गटाला हिंदुस्थानातील एकेका प्रदेशातील लोकांचा नेहमीचा आहार दिला.

ठरावीक दिवसांनी उंदरांची वजने केली तेव्हा क्रम असा लागला : शीख, पठाण, मराठे, गुरखे, कानडी, बंगाली, मद्रासी. कोंड्यासह गव्हाची पोळी, दूध-दही, लोणी, डाळी आणि भाजीपाला असा शिखांचा आहार मिळालेले उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले. सडीक तांदळावर आणि अत्यल्प दुधावर वाढलेले सर्वांत खुरटे. मराठ्यांच्या आहाराचा क्रमांक तिसरा लागला.

भरतीच्या अधिकाऱ्यांनी ज्या क्रमाला 'वंशाचा गुण' म्हटले होते, जवळजवळ तोच क्रम उंदरांत उमटला होता. आणि उंदरांना ना जात होती, ना इतिहास. सारे एकाच वाणाचे होते! आहार हाच शरीरकसाचा सर्वांत मोठा घटक, असा निष्कर्ष मॅक्कॅरिसन यांनी काढला. दुसऱ्या एका प्रयोगात त्यांनी इंग्लंडमधील गरीब वर्गाचा आहार, म्हणजे पांढरा पाव, मार्गारीन, जॅम, डब्यातले मांस आणि गोड चहा, उंदरांना दिला. ते उंदीर खुरटले, चिडखोर झाले आणि अखेर आपल्यातल्या दुबळ्यांना मारून खाऊ लागले. राज्यकर्त्यांचा आहार म्हणून त्याला वेगळा न्याय मिळाला नाही.

एक मर्यादा मात्र वर्गात जरूर सांगावी. 'मराठ्यांचा आहार' अशी एकच एक वस्तू कधी नव्हती. घरात दुभते असलेल्या शेतकऱ्याचे ताट आणि त्याच गावातल्या शेतमजुराचे ताट यांत पठाण-मद्रासी इतके अंतर असू शकते. भरतीच्या रांगेत शेजारी उभ्या राहिलेल्या दोन मुलांच्या उंचीत आणि छातीत हे अंतर आजही दिसते.

ऑक्सिजनचा हिशेब

याच सुमारास धावण्याचे शास्त्र आकार घेत होते. स्नायूंवरील संशोधनासाठी १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळालेले ए. व्ही. हिल स्वतःच पाठीवर हवेची पिशवी बांधून गवतावर धावत आणि उच्छ्वासातला वायू तपासत. वेग वाढवत नेला तर ऑक्सिजनचा वापर एका मर्यादेपर्यंतच वाढतो, हे त्यांनी १९२३ च्या सुमारास दाखवले. या मर्यादेला आज कमाल ऑक्सिजन-ग्रहण म्हणतात. (हेच हिल १९४३-४४ मध्ये भारतात आले आणि येथील विज्ञान-संशोधनाविषयी त्यांनी अहवाल लिहिला.)

भरतीतल्या धावण्याला हा हिशेब लावून पाहू. सैन्यभरतीत बरीच वर्षे १६०० मीटर अंतर ५ मिनिटे ३० सेकंदांच्या आत कापणाऱ्याला पूर्ण ६० गुण मिळत. म्हणजे वेग सेकंदाला सुमारे ४.८५ मीटर, ताशी साडेसतरा किलोमीटर. एका तरुणाचे शरीर मिनिटाला ४ लिटर ऑक्सिजन वापरू शकते असे धरू. वजन ८० किलो असेल तर दर किलोला ५० मिलिलिटर वाट्याला येतात. वजन ७२ किलो झाले तर साडेपंचावन्न. फुप्फुसे तीच, हृदय तेच, पण वाहून न्यायचा बोजा कमी झाला. वजन घटवण्याचा धावण्याला फायदा होतो तो असा.

पण घटले काय, हा प्रश्न महत्त्वाचा. चरबी घटली तर हा हिशेब खरा. उपाशी राहून स्नायू घटले तर ऑक्सिजन वापरणारे यंत्रच लहान झाले. पोलीसभरतीत पुरुषांना १६०० मीटर व १०० मीटर धावण्याबरोबर ७.२६ किलोचा गोळाही फेकावा लागतो. स्नायू गमावलेला मुलगा धावण्यात मिळवलेले गुण गोळाफेकीत घालवतो.

किलो म्हणजे काय?

एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी ऊर्जा असते. सत्तर किलोचा माणूस एक किलोमीटर धावला की साधारण ७० कॅलरी खर्च होतात, १६०० मीटरला सुमारे ११०. म्हणजे नुसत्या धावण्याने एक किलो चरबी जाळायला भरतीची ती धाव सत्तर वेळा धावावी लागेल! आणि ११० कॅलरी भरून काढायला अर्धी भाकरी पुरते. हे गणित विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावे. आहार आणि व्यायाम दोन्ही मिळून रोज ५०० कॅलरींची तूट पडली तर आठवड्याला अर्धा किलो उतरतो. सहा किलोंना बारा आठवडे. जाहिरात आल्यावर सुरुवात करणाऱ्याला उशीर झालेला असतो.

मग 'चार दिवसांत चार किलो' उतरवणारे काय उतरवतात? पाणी. स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. उपास केला, घाम काढला की ते जाते, आणि जेवल्यावर परत येते. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी घटले तरी दमसास कमी होतो. १९९७ मध्ये अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर वजन उतरवताना सुमारे पाच आठवड्यांच्या आत मरण पावले. त्यानंतर तिथे घाम काढणारे रबरी पोशाख, उष्ण खोल्या आणि लघवी वाढवणारी औषधे यांवर बंदी आली. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला अंतिम फेरीच्या सकाळी विनेश फोगट ५० किलो गटात अवघ्या १०० ग्रॅमने बाद ठरली. रात्रभर झगडूनही तेवढे पाणी निघाले नाही.

याउलट खाशाबा जाधवांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचा विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो ५२ किलोंच्या फ्लायवेट गटात सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीत तो वरच्या, ५७ किलोंच्या बँटमवेट गटात उतरला आणि त्याने कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. प्राचार्य खर्डेकरांनी त्याच्या प्रवासासाठी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. १९५५ मध्ये खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले.

मैदानावरची किंमत

जून २०१४ मध्ये मुंबईतल्या पोलीसभरतीत पुरुषांसाठी ५ किलोमीटरची धाव होती. उकाड्यात धावताना कोसळून काही तरुण दगावले. त्यानंतर ते अंतर ३ किलोमीटर करण्यात आले, आणि पुढे १६०० मीटर झाले. २०२४ मध्ये झारखंडात अबकारी शिपाई भरतीच्या १० किलोमीटरच्या चाचणीत दहाहून अधिक उमेदवार गेले. ही मुले आळशी नव्हती. परगावाहून आलेली, रात्र फलाटावर काढलेली, रिकाम्या पोटी, उन्हाची सवय नसताना जिवाच्या आकांताने धावलेली मुले अशा चाचण्यांत सर्वाधिक धोक्यात असतात. उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. मैदानाबाहेर कुजबुजत विकल्या जाणाऱ्या 'ताकदीच्या' गोळ्या आणि सुया हा धोका आणखी वाढवतात.

शिक्षक म्हणून आपल्याला बरेच करता येईल, आणि ते अकरावीतच सुरू करावे. महिन्यातून एकदा वजनाबरोबर कमरेचा घेर मोजून लिहायला लावावा. वजन स्थिर राहून घेर कमी झाला तर चरबी जाऊन स्नायू आले असे समजावे. सकाळी उठल्याबरोबर नाडीचे ठोके मोजावेत. नियमित धावणाऱ्याचे ठोके काही आठवड्यांत कमी होत जातात, हा आलेख मुलांना मोठा हुरूप देतो. धावण्याचे अंतर वस्तादाच्या बैठकांसारखे टप्प्याटप्प्याने वाढवावे. ताटातली डाळ, दूध, शेंगदाणे, अंडी कमी न करता साखर, तळण आणि चहाच्या फेऱ्या कमी कराव्यात. मुलींच्या बाबतीत आणखी एक तपासणी हवी. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत. रक्तात हिमोग्लोबिन कमी असेल तर ऑक्सिजन वाहायला गाड्याच कमी पडतात. अशा मुलीला ८०० मीटरसाठी आणखी पळवण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन रक्त तपासून घ्यावे. आणि धावताना छातीत दुखणे, घेरी येणे, बरळणे यांपैकी काहीही झाले तर ताबडतोब थांबायचे, सावलीत जायचे, अंगावर पाणी ओतायचे आणि डॉक्टर गाठायचा, हे प्रत्येक मुलाला पाठ असले पाहिजे.